तो एक्का-गुलाम टाकायलाच हवा होता

प्रश्न : मी नऊ जणांच्या, एकाच टेबलाच्या छोट्या ऑनलाइन पोकर स्पर्धा खेळतो. सुरुवातीला प्रत्येकाला १,५०० चिप्स मिळतात आणि बक्षीस पहिल्या तिघांना असतं : ५०, ३० आणि २० टक्के. माझं रडगाणं एकच, मी कायम चौथा नाहीतर पाचवा येतो. परवाचाच डाव सांगतो. चौघं उरलो होतो, ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पाळीपाळीनं आधीच भरायच्या सक्तीच्या चिप्स) १००/२००. बटणावरच्याकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरच्याकडे, ६,२०० चिप्स, स्मॉल ब्लाइंडवाल्याकडे ३,०००, बिग ब्लाइंडमध्ये मी ३,६०० घेऊन, आणि चौथ्याकडे जेमतेम ७००. ७००वाल्यानं पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. बटणवाल्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तो दर दुसऱ्या डावाला तेच करत होता. स्मॉल ब्लाइंडनं टाकले. माझ्या हातात बदामचा एक्का आणि किलवरचा गुलाम. मी कॉल केलं, म्हणजे बरोबरी करायला माझ्या सगळ्या चिप्स घातल्या. त्याच्याकडे छक्क्यांची जोडी निघाली, टेबलावर मला काहीच आलं नाही, आणि मी पुन्हा चौथा. हे माझं नशीब की चूक? माझा मित्र म्हणतो, सुरुवातीलाच चिप्स दुप्पट करायच्या, नाहीतर बाहेर पडून दुसरी स्पर्धा लावायची. मी उलट जपून खेळतो, पण ब्लाइंड वाढेपर्यंत हातात हजारभर चिप्सच उरतात. मग टिकून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? शिवाय बाहेर पडलो की लगेच दुसरी स्पर्धा लावतो, ते थांबत नाही.
— चौथ्या क्रमांकाला कंटाळलेला

उत्तर :

प्रिय वाचक,

चूक होती. ती छक्क्यांची जोडी उघडण्याआधीच झाली होती, त्यामुळे तुमचा एक्का लागून तुम्ही जिंकला असतात तरी मी हेच लिहिलं असतं. सगळ्यात आधी हाच डाव सोडवू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची मुळंही यातच आहेत.

कॉल करताना तुमच्या मनात काय आलं असेल ते मी ओळखू शकतो. ‘हा माणूस काहीही घेऊन सगळ्या चिप्स ढकलतोय, माझ्याकडे एक्का-गुलाम आहे, म्हणजे मी पुढे आहे.’ तुम्ही पुढे होतात हे खरं आहे. त्यानं पत्ते न बघताच ऑल-इन केलं असं धरलं, तर वेगवेगळ्या रंगांचा एक्का-गुलाम शंभरातून साधारण ६४ वेळा जिंकतो. तो निम्मे हात टाकून देत होता असं धरलं, तर हाच आकडा साठीच्या आसपास येतो. रोजच्या साध्या टेबलावर, जिथे चिप म्हणजे थेट पैसा असतो, तिथे डोळे मिटून कॉल करावा असा हा हात आहे. पण स्पर्धेत चिप्स मोडून पैसे मिळत नाहीत. मिळतो तो क्रमांक, आणि पैसे त्या क्रमांकाला असतात.

म्हणून चिप्सचं रूपांतर आधी बक्षिसाच्या वाट्यात करावं लागतं. यासाठी जे गणित वापरतात त्याला खेळाडू ‘आयसीएम’ म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल. त्याचं मूळ सूत्र डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ साली मांडलं. कुठला घोडा पहिला येईल याची शक्यता माहीत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शक्यता कशी काढायची, हा शर्यतीचा प्रश्न त्यानं सुटतो. पोकरमध्ये घोड्यांच्या जागी चिप्सचे ढीग ठेवायचे. पहिलं येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुमचा हिस्सा. पहिला कोणी दुसराच आला असं धरलं, की त्याचा ढीग बाजूला काढून उरलेल्यांत पुन्हा तोच हिशेब करायचा. हातानं करायला किचकट आहे, पण यासाठी कॅल्क्युलेटर फुकट मिळतात.

तुमचा डाव त्यात घातला. पत्ते टाकले असतेत तर तुमच्याकडे ३,४०० चिप्स राहिल्या असत्या आणि एकूण बक्षिसातला तुमचा वाटा २८.६ टक्के झाला असता. कॉल करून जिंकला असतात तर तुमच्याकडे ७,३०० चिप्स, म्हणजे दुपटीहून जास्त. पण वाटा झाला असता ३८.८ टक्के. हरलात तर शून्य. म्हणजे तुम्ही २८.६ पणाला लावले ते आणखी १०.२ मिळवण्यासाठी. २८.६ ला ३८.८ नं भागा : हा कॉल निव्वळ बरोबरीत सुटायलाही शंभरात सुमारे ७४ वेळा जिंकणं गरजेचं होतं. एक्का-गुलाम तिथे पोचत नाही. एक्का-राजाही पोचत नाही. समोरचा पत्ते न बघता ढकलतोय असं धरलं तरी कॉल करण्याजोगे हात उरतात ते दश्श्यांच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एवढेच. निम्मे हात टाकणाऱ्याविरुद्ध दश्श्यांवरही थबकावं लागतं.

आता त्या ७००वाल्याकडे बघा. पुढच्या डावाला बटण एक जागा सरकणार होतं आणि बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार होता. ७०० पैकी २०० न मागता आत जाणार, हातात ५०० उरणार, आणि त्याच्या पुढच्याच डावाला स्मॉल ब्लाइंड. तो माणूस दोन-तीन डावांचा सोबती होता. तुम्ही फक्त थांबायचं होतं. तुम्ही पत्ते टाकले असते तर त्याचा वाटा ७.९ टक्के राहिला असता. तुम्ही बाहेर पडताच तो २३.१ टक्के झाला, एकही पत्ता न खेळता. तुमच्या कॉलनं सगळ्यात जास्त भलं कोणाचं झालं, तर त्याचं. बबलवर, म्हणजे एकच जण बाहेर पडायचा बाकी असतो तेव्हा, दोघं भिडले की फायदा न भिडलेल्यांचा होतो. चौघांकडे सारख्या चिप्स असतील तर प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. त्यातले दोघं भिडले आणि एक गेला की जिंकणारा ३८.३ वर जातो आणि बघत बसलेले दोघं प्रत्येकी ३०.८ वर. जिंकणाऱ्यानं सगळं पणाला लावून १३ मिळवले, बाकीच्यांनी काहीही न करता सहा-सहा. तिथे कॉलसाठी ६५ टक्के तरी लागतात, ब्लाइंडच्या चिप्स हिशेबात न धरता.

गणिताला एक मर्यादा आहे. पुढचा बिग ब्लाइंड कोणावर येतोय, कोण किती कुशल आहे, हे त्याला दिसत नाही. तुमच्या डावात मात्र ती मर्यादा तुमच्याच बाजूनं होती, कारण पुढचा ब्लाइंड सगळ्यात कमजोर माणसावर येत होता.

त्या बटणवाल्याला शिव्या घालू नका. तो बरोबर खेळत होता. टेबलावर ७००चा एक माणूस आणि मध्ये तीन-साडेतीन हजारांचे दोघं, अशा वेळी मोठ्या ढीगवाल्यानं दर दुसऱ्या डावाला ढकलायलाच हवं, कारण मधल्या दोघांना कॉल परवडत नाही हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही त्याच्या जागी असाल तेव्हा हेच करा. छक्क्यांची जोडी काय, राणी-सत्तीसुद्धा चालते.

आणि इथेच तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. टिकून राहणं हे कॉल करतानाचं पथ्य आहे. स्वतः ढकलताना ते पथ्य पाळलं की माणूस चिप्स गळत गळत संपतो, आणि तुमचं नेमकं तेच होतंय. तुम्ही ढकलायच्या वेळी जपता आणि कॉलच्या वेळी सैल सुटता. याच्या उलट करायचं आहे.

ढकलणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात. सगळे पत्ते टाकतात, किंवा कोणी कॉल केलाच तर पत्ते लागतात. कॉल करणाऱ्याला दुसरीच वाट उरते. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या फरकाला ‘गॅप’ म्हटलं : ज्या हातावर तुम्ही स्वतः आधी रेज कराल, म्हणजे लावायची रक्कम वाढवाल, त्याहून चांगला हात दुसऱ्याच्या रेजला कॉल करायला लागतो. बबलवर ही दरी फार रुंद होते.

आता तुमचे ते हजारभर चिप्स. ब्लाइंड १००/२०० आहेत आणि तुमच्याकडे १,६०० चिप्स आहेत असं धरा, म्हणजे आठ बिग ब्लाइंड. सगळ्यांनी टाकत टाकत डाव बटणावर तुमच्यापर्यंत आला. टेबलावर ३०० पडलेत. तुम्ही ढकललं आणि दोघांनीही टाकलं तर तुमचा ढीग एका फटक्यात जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. बिग ब्लाइंडनं कॉल केलं तर एकूण पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ३,३०० होतो. तुमचा हात तेव्हा शंभरात ३५ वेळाच जिंकतो असं धरलं, तरी सरासरीनं १,१५५ परत येतात, म्हणजे तोटा ४४५चा. ३०० मिळणं आणि ४४५ जाणं यांचा मेळ घाला : दहापैकी सहा वेळा दोघंही पत्ते टाकत असतील तर तुम्ही बरोबरीत आहात, त्याहून जास्त वेळा टाकत असतील तर फायद्यात. चिप्सच्या हिशेबात यासाठी एक्के-राजे लागत नाहीत. कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दोन चित्रं, एका रंगाचं राजा-नव्वी किंवा दश्शी-नव्वी, एवढं पुष्कळ झालं. बबलवर हरण्याची किंमत वाढते, पण कॉल करणाऱ्याचेही हात बांधलेले असतात, म्हणून यादी थोडीच आखडायची.

तुम्ही विचाराल, सगळं कशाला ढकलायचं, ५००चा रेज करून बघावं की. तो केलात आणि बिग ब्लाइंडनं ऑल-इन केलं, तर तुमच्या समोर २,२००चा पॉट असतो आणि तुम्हाला घालायचे असतात १,१००. तीनातून एकदा जिंकलं तरी परवडतं, म्हणजे बहुतेक हातांवर कॉल करावाच लागतो. मग तेच १,६०० आधी ढकलले असते तर निदान त्याला टाकायची संधी मिळाली असती. दहा बिग ब्लाइंडच्या खाली दोनच चाली ठेवा : ढकला किंवा टाका. नुसता ब्लाइंडएवढा पैसा लावून पुढचे पत्ते बघायला जाणं, म्हणजे लिंप करणं, या टप्प्यात पूर्ण बंद. वेगळ्या किमतीची दोन पानं फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर, जोडी लावतात ती तीनातून एकदाच. उरलेल्या दोन वेळा तुमच्या ढिगाचा आठवा भाग फुकट जातो.

याच्या दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे फार उशीर करणं. तुमच्याकडे ६०० उरलेत, ब्लाइंड तेच. तुम्ही ढकललंत. बिग ब्लाइंडवाल्याला आता ४०० घालून ९०० मिळवायचे आहेत. त्याला शंभरात ३१ वेळा जिंकलं तरी पुरतं, आणि तेवढं तर दुर्री-सत्तीपेक्षा जरा बरे कुठलेही दोन पत्ते जिंकतात. तो कॉल करणारच. तुमच्या दोन वाटांपैकी पहिली बंद झाली. शेवटी शेवटी तुम्हाला कोणी मान देत नसेल, तर त्याचं कारण हे आहे. ढीग १,६००चा असताना त्याला धाक असतो, ६००चा झाला की नसतो. म्हणून चांगल्या हाताची वाट बघता बघता पाच बिग ब्लाइंडच्या खाली जाऊ नका. जोडी सरासरी सतरा डावांतून एकदा येते. चौघं उरलेले असताना सतरा डावांत चारेक वेळा दोन्ही ब्लाइंड भरून झालेले असतात, म्हणजे १००/२०० वर बाराशे चिप्स गेलेल्या असतात.

स्वतःचा दम किती उरलाय हे मोजायला एक सोपी रीत आहे. दोन्ही ब्लाइंडची आणि अँटी (दर डावाला प्रत्येकानं भरायची छोटी रक्कम) असेल तर सगळ्यांच्या अँटीची बेरीज करा आणि आपल्या चिप्सना तिनं भागा. पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनच्या विश्वविजेत्याच्या नावावरून या आकड्याला ‘एम’ म्हणतात. एकही डाव न खेळता किती फेऱ्या तग धराल, ते तो सांगतो. १,५०० चिप्सवर ५०/१०० असताना एम दहा, १००/२०० झाले की पाच. ऑनलाइन ही घसरण चटकन होते, आणि टर्बो स्पर्धेत, जिथे ब्लाइंड झपाट्यानं वाढतात, तर आणखीच चटकन. मी दर लेव्हलला, म्हणजे ब्लाइंड वाढले की, एकदा हा भागाकार मनात करतो. तुम्हीही सवय लावून घ्या, कारण नऊ जणांची फेरी आणि चौघांची फेरी यांत फार फरक आहे. माणसं कमी झाली की ब्लाइंड दुपटीनं लवकर येतात, आणि ‘अजून पाच फेऱ्या आहेत’ म्हणता म्हणता वीस डावांत खेळ संपतो.

यात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते कोणावर ढकलायचं हे ओळखणं. पत्त्यांच्या आधी ब्लाइंडमध्ये कोण बसलंय ते बघा. मधल्या ढिगाचा माणूस सगळ्यात घाबरलेला असतो. त्याच्याकडे गमावण्यासारखं आहे आणि त्याच्यापेक्षा छोटं कोणीतरी मरायला टेकलंय. त्याच्यावर ढकला. शेवटच्या घटका मोजणाऱ्यावर ढकलताना हात थोडा बरा हवा, कारण तो कुठल्याही एक्क्यावर कॉल करून टाकतो. मोठ्या ढीगवाल्यावर ढकलताना तुमचं अख्खं आयुष्य पणाला लागतं आणि त्याचा एक तुकडा, तेव्हा तिथेही जपून. तुमच्या त्या टेबलावर स्मॉल ब्लाइंडमधला तीन हजारवाला हे तुमचं खरं सावज होतं. तुमच्या जागा उलट असत्या, म्हणजे तुम्ही स्मॉल ब्लाइंडमध्ये आणि तो बिग ब्लाइंडमध्ये, आणि बाकीच्यांनी पत्ते टाकून डाव तुम्हा दोघांवर आला असता, तर मी तुम्हाला एक्का-गुलामच काय, दश्शी-सत्तीवरही ढकलायला सांगितलं असतं. दोघांचे आकडे जवळपास सारखे, आणि त्याला कॉल तुमच्याइतकाच महाग. फक्त एक खात्री करून घ्या : काही माणसं बबल वगैरे काही जाणत नाहीत आणि एक्का दिसला की कॉल करतात. त्यांच्या नावापुढे तशी नोंद करून ठेवा. ऑनलाइन जवळपास सगळीकडे ही सोय असते आणि फार थोडे लोक ती वापरतात.

आता तुमचा मित्र. वेळ वाचतो हे त्याचं म्हणणं खरं आहे, बाकीचं नाही. पहिल्या डावाला सगळ्यांचा वाटा सारखा, ११.१ टक्के. तिथे कोणाला बाहेर काढून चिप्स दुप्पट केल्या तर वाटा २०.३ होतो, २२.२ नाही. म्हणजे अगदी पहिल्या डावालाही ऑल-इनचा कॉल परवडायला ५५ टक्क्यांच्या आसपास जिंकणं लागतं, आणि निव्वळ नाण्याची फेक तोट्यात जाते. वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा राण्यांच्या जोडीविरुद्ध शंभरात सुमारे ४३ वेळा जिंकतो. पहिल्याच लेव्हलला तो घेऊन १,५०० पणाला लावायची घाई कशाला? एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली तर अर्थातच मागे हटू नका. बाकी सुरुवातीचे डाव साधे आहेत. थोडे हात खेळा, शक्यतो बटणाजवळून. छोट्या जोड्या स्वस्तात पत्ते बघायला मिळत असतील तरच खेळा, कारण फ्लॉपवर तिसरं पान लागायची शक्यता साडेआठातून एकदा. आणि एका जोडीवर सगळे चिप्स घालू नका. छोट्या स्पर्धांत पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडणाऱ्यांतले पुष्कळसे टेबलावरच्या मोठ्या पानाची जोडी लागली म्हणून बाहेर पडलेले मी पाहिलेत. समोरचा तीन वेळा जोरात बेट करतोय आणि तुमच्याकडे एक जोडी आहे, तर ती टाका. तुमच्याकडे १,१०० उरले तरी २५/५० वर ते बावीस बिग ब्लाइंड आहेत, भरपूर आहेत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुम्ही तिसरे यायला लागलात की लगेच पुढे येईल. चौथा बाहेर पडला की टेबलावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि गप्प गप्प खेळू लागतात. हीच हात मोकळा सोडायची वेळ. तिसऱ्याचे २० टक्के आता खिशात आहेत. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेलात तर १० वाढतात, दुसऱ्यावरून पहिल्यावर गेलात तर आणखी २०. बक्षिसाचा निम्मा भाग एकट्या पहिल्याला आहे. तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानणारा माणूस आयुष्यभर छान टिकतो आणि तरी तोट्यात राहतो. दोघं उरले की आयसीएम संपतं आणि चिप पुन्हा सरळ चिप होते. तिथे तुमचा एक्का-गुलाम कॉल करा, माझी अजिबात हरकत नाही.

याच कारणानं, शंभरेक जणांच्या स्पर्धा खेळायला लागलात तर हे सगळं तसंच्या तसं नेऊ नका. तिथे साधारण १० ते १५ टक्के लोकांना बक्षीस मिळतं, पण खालची बक्षिसं किरकोळ असतात आणि पैसा वरच्या दोघा-तिघांत साठतो. नुसतं बबल ओलांडण्यासाठी तिथे चिप्स गाळत बसणं महाग पडतं. याच्या अगदी उलट सॅटेलाइट, जिथे मोठ्या स्पर्धेच्या सारख्याच प्रवेशिका वाटल्या जातात. पाच प्रवेशिका आणि सहा माणसं उरली असतील, तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील आणि कोणीतरी मरणाच्या दारात असेल, तर तिथे एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी लागते. पहिला आणि पाचवा यांना सारखंच मिळतं, मग धोका घ्यायचा कशासाठी? पहिल्यांदा मी तशा वेळी एक्के टाकले तेव्हा माऊसवरचं बोट हलत नव्हतं. पण ते बरोबर होतं.

शेवटचे चौघं-पाच जण उरतील तेव्हा बाकीची टेबलं बंद करा किंवा नवीन उघडू नका. माझी ही मागणी जास्त वाटेल, पण ७००वाल्यावर पुढचा ब्लाइंड येतोय हे तुम्हाला दिसलं नाही, ते पत्ते बघून घाई केल्यामुळे. मिळणारे सेकंद पूर्ण वापरा. बटण दाबण्याआधी तीन गोष्टी बघा : सगळ्यात छोटा ढीग कोणाचा, ब्लाइंड त्याच्यावर केव्हा येतोय, आणि मी आत्ता ढकलतोय की कॉल करतोय. आणि आपली पाळी यायच्या आधीच पत्ते टाकायची खूण करून ठेवू नका. तुम्ही पटकन टाकता हे मागच्याला दोन फेऱ्यांत कळतं आणि तो तुमचे ब्लाइंड उचलायला लागतो.

राहता राहिली लगेच दुसरी स्पर्धा लावायची सवय. याचं उत्तर मला सगळ्यात जास्त काळजीनं द्यावंसं वाटतं. नऊ जणांत तिघांना बक्षीस, म्हणजे सगळे सारखेच कुशल असतील तर तुम्ही तीनातून एकदा बक्षिसात याल. चांगला खेळाडू दहातून चार वेळा येतो असं धरू, म्हणजे तोही सहा वेळा रिकाम्या हातानं उठतो. सलग आठ स्पर्धांत काहीच न मिळण्याची त्याची शक्यता साठात एक आहे, आणि शेकडो स्पर्धा खेळणाऱ्याला असे आठ-आठ पराभव अनेकदा भोगावे लागतात. त्यात आयोजक प्रत्येक प्रवेशातून आपला हिस्सा कापून घेतो, त्यामुळे इतरांइतकंच चांगलं खेळणारा माणूसही सावकाश तोट्यात जातो. चिडून लावलेल्या स्पर्धेत तुम्ही इतरांइतकेही चांगले खेळत नसता. म्हणून एका बैठकीत किती स्पर्धा, हे बसण्याआधी ठरवा आणि हरल्यावर तो आकडा बदलू नका. खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम अशी हवी की तीत निदान पन्नास, खरं तर शंभर प्रवेश मावतील आणि ती पूर्ण गेली तरी घरातलं एकही देणं अडणार नाही. पैसे लावून खेळायला कायद्यानं बंदी असेल तर फुकटच्या चिप्सवर खेळा, वर लिहिलेलं सगळं तिथेही शिकता येतं. आणि ठरवूनही थांबता येत नसेल, लपवून खेळणं किंवा उसने घेणं सुरू झालं असेल, तर पोकरचा प्रश्न बाजूला ठेवा. खातं बंद करा, घरच्या एका माणसाला सांगा, आणि समुपदेशकाला भेटा. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तसं नसेल, तर पुढच्या वीस स्पर्धांत एवढंच करा. ज्या डावाला बाहेर पडाल तो डाव वहीत लिहा. माणसं किती उरली होती, प्रत्येकाकडे किती चिप्स, ब्लाइंड किती, आणि सगळं आत घातलं तेव्हा तुम्ही ढकलणारे होतात की कॉल करणारे. पत्ते नाही लिहिलेत तरी चालेल. वीस झाले की मला पाठवा, मी एकेक करून बघेन.